चिमणाबाईची पापणी

चिमणाबाईने डोळे मिटले, उघडले आणि जमलेल्या लोकांकडे बघून ती हसली.

संजना पडद्यासमोर उभी होती. हातातला चहाचा कागदी कप कुठे ठेवावा हे न सुचून तिने तो तसाच धरून ठेवला होता. माणसाहून उंच असा तो उभा एलईडी पडदा सभागृहाच्या दाराशीच लावलेला, त्यामुळे आत येणाऱ्या प्रत्येकाचं स्वागत चिमणाबाईच करत होती. हिरवीगार नऊवारी, जरीचा काठ, नाकात मोत्यांची नथ, कपाळावर ठसठशीत कुंकू. ती जराशी मान वळवी, पापणी लववी, ओठ विलगून दात दाखवी आणि पुन्हा पहिल्या जागेवर येई. मग पुन्हा तेच. दात ओले दिसत होते. खाली सोनेरी अक्षरांत लिहिलं होतं, ‘गोदाकाठची गृहलक्ष्मी’.

चिमणाबाई ही संजनाची आजी, वडिलांची आई. गोदाकाठी ती कधी राहिली नव्हती. मनमाडला रेल्वेच्या चाळीत तिचा संसार झाला. नवरा रुळांवर गँगमन होता. घरात दोन पोरं. नथ तिने दुसऱ्या कुणाच्या नाकात पाहिली असेल तेवढीच. आणि तिचा हा एकुलता एक फोटो काढला गेला, तेव्हा तिला मरून अर्धा दिवस झाला होता.

हे सभागृहात फक्त संजनाला ठाऊक होतं. जगात आता फक्त तिलाच ठाऊक होतं, कारण ज्यांनी तिला ते सांगितलं ते अण्णा, तिचे वडील, पावसाळा सरता सरता गेले होते.

अण्णा म्हणजे निवृत्ती पगारे. मेनरोडवरच्या एका जुन्या स्टुडिओत त्यांनी उमर घालवली, पण फोटो काढणारे म्हणून नाही. ते रिटचिंग करायचे. उतरत्या लाकडी चौकटीवर निगेटिव्ह ठेवायची, खालच्या आरशातून उजेड घ्यायचा आणि टोकदार पेन्सिलीने माणसाच्या चेहऱ्यावरचे खड्डे, वण, थकवा भरून काढायचा. मुली दाखवायच्या फोटोंना तेव्हा फार मागणी. देवीचे व्रण असलेल्या कितीतरी पोरी अण्णांच्या पेन्सिलीने सासरी गेल्या, असं ते स्वतःच हसून सांगत, आणि पुढे म्हणत, “तिकडं गेल्यावर कुणी परत पाठवली नाही. म्हणजे काम चांगलं होतं, की माणसं चांगली होती, कुणास ठाऊक.”

त्या काळी दुसरंही एक काम असे. घरातलं माणूस गेलं आणि त्याचा फोटोच नाही असं लक्षात आलं, की लोक धावत स्टुडिओत येत. मग फोटोवाला घरी जाई. मयताला खुर्चीत बसवत, पाठीला टेकू देत, जबडा पडू नये म्हणून हनुवटीखालून फडकं बांधत. पुढचं काम रिटचरचं. तो मिटलेल्या पापण्यांवर डोळे काढी, फडक्याचा पदर करी. घरच्यांना भिंतीवर लावायला जिवंत माणूस मिळे. त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे. एक चेहरा तरी उरावा एवढीच धडपड.

चिमणाबाईचा फोटो तसाच. अण्णा तेव्हा शाळकरी होते आणि त्यांची बहीण आक्काबाई मांडीवरची. फोटोवाल्याने काचेची निगेटिव्ह घेतली, पण डोळे काढणारा मनमाडात कुणी नव्हता. मिटल्या डोळ्यांची ती काच बापाने ट्रंकेच्या तळाशी ठेवून दिली. पुढे अण्णा नाशिकला येऊन काम शिकले आणि हात बसल्यावर त्यांनी पहिल्यांदा ती काच बाहेर काढली. अडचण एकच होती. आईचे डोळे त्यांना आठवत नव्हते. आवाज आठवत होता, हात आठवत होते, हनुवटीवरचे गोंदणाचे तीन ठिपके तर फोटोतच होते. डोळे मात्र काही केल्या येईनात. मग त्यांनी बहिणीला दारात उजेडाला बसवलं, भिंग लावून तिच्या डोळ्यांकडे बघत राहिले, आणि तिचे डोळे आईला दिले.

आक्काबाई आयुष्यभर सांगत आली, की ती आईवर गेलीय, डोळे तर हुबेहूब आईचे. सगळे नातेवाईक मान डोलावत. भिंतीवर पुरावा होता. अण्णा काही बोलत नसत. फोटो बाजाराच्या दिवशी स्टुडिओत जाऊन काढलेला, असं त्यांनी तिला सांगून ठेवलं होतं.

दवाखान्यात, नळ्या लावायच्या आदल्या दिवशी, त्यांनी संजनाला सगळं सांगितलं. “आक्काला कळू देऊ नको,” म्हणाले. “तिला आई तेवढीच मिळालीय.”

आणि आता आक्काबाई मनमाडहून निघाली होती. संजनाचा धाकटा भाऊ अश्विन तिला गाडीतून घेऊन येत होता. उद्घाटन सहाला होतं. त्याआधी हा पडदा बंद व्हायला हवा होता. संजनाला दुसरं काही नको होतं.

फोटो दिला अश्विननेच. भिंतीवरच्या चौकटीचा मोबाइलने फोटो काढला आणि फेसबुकवर ‘जुनं नाशिक’ नावाचं पान चालवणाऱ्या आणि हे प्रदर्शन भरवणाऱ्या मंडळींना पाठवून दिला. ‘अण्णांची आठवण,’ असं लिहून. तो रडून मोकळा होणारा, चटकन काहीतरी करून टाकणारा माणूस. संजनाला तसं जमत नसे. एका कॉलेजचं ग्रंथालय सांभाळण्यात तिची वीस-बावीस वर्षं गेली होती. ती वाचे, आणि घरी येऊन पुन्हा वाचे. अण्णा गेल्यापासून मात्र पुस्तक उघडलं की ओळी नुसत्या दिसत.

शेखर हा त्या मंडळींचा म्होरक्या. त्याला शोधत ती आत गेली. भिंतींवर जुना जिल्हा ओळीने टांगलेला होता आणि त्याला कुणीतरी होळी खेळल्यासारखा रंग फासला होता. पुराचं पाणी निळंशार. मनमाडच्या यार्डातलं कोळशाचं इंजिन खेळण्यातल्यासारखं चकचकीत, शेजारच्या मजुरांच्या अंगावर काजळीचा ठिपका नाही. हरसूलच्या आठवडे बाजारातल्या बायकांपाशी ती थांबली. गुडघ्यापर्यंत लुगडी नेसून उन्हात बसणाऱ्या त्या डोंगरातल्या बायकांना कॉम्प्युटरने घोट्यापर्यंत पैठण्या नेसवल्या होत्या. एकीच्या टोपलीत काय होतं ते त्याला ओळखता आलं नसावं, म्हणून त्याने तिथे गुलाबाची फुलं भरली होती. खाली ‘निसर्गकन्या’. कोपऱ्यात जात्यावर बसलेली पुठ्ठ्याची बाई होती आणि तिच्या चेहऱ्याच्या जागी भोक. त्या भोकातून पोरी आळीपाळीने तोंड काढून फोटो घेत होत्या. सगळीकडे अत्तराचा फवारा मारलेला. त्या वासात तळणीचा वास मिसळला होता.

शेखर व्यासपीठाशी सापडला. गोरा, गुबगुबीत, भगव्या कुर्त्यावर जाकीट. माणूस वाईट नव्हता. अण्णा गेल्यावर घरी भेटायला आला होता, आल्या आल्या भिंतीवरच्या फोटोंकडे बघून “काय खजिना आहे” म्हणाला होता.

“या या, पगारे मॅडम. बघितलीत ना आमची हिरॉइन? लोक येडे झालेत. रील टाकलं परवा, तर कमेंटमध्ये नुसते बदाम.”

“शेखर सर, तो पडदा बंद करा.”

“आवाज जास्त होतोय का? बासरी कमी करायला सांगतो.”

“बासरी नाही. तो फोटो. माझ्या आजीचा आहे तो.”

“म्हणून तर. तुमच्या आत्याबाईंचा सत्कार ठेवलाय आपण. अश्विनभाऊंशी बोलणं झालंय.”

“नथ कुठून आली तिच्या नाकात?”

शेखर हसला. “ते ॲप घालतं हो. नऊवारी दिसली की नथ. छान दिसते की.”

“हनुवटीवर गोंदण होतं.”

“गोंदण होय? आम्हाला वाटलं फोटोवर बुरशीचे डाग पडलेत. पोरानं सगळे क्लीन केले.” तो किंचित वरमला. “पुढच्या वेळी करू दुरुस्त.”

“पुढची वेळ नको. आता काढा.”

“मॅडम, एंट्रीलाच काळा पडदा ठेवू का मी? पालकमंत्र्यांचे पीए येऊन बघून गेलेत. पिशव्यांवर छापून झालाय चेहरा. काहीतरी कारण पाहिजे ना. नथीसाठी कुणी प्रदर्शन बंद करतं का?”

संजनाने कप कठड्यावर ठेवला. कारण होतं, आणि ते या माणसासमोर काढायचं म्हणजे उकिरड्यावर पान वाढल्यासारखं होतं. पण घड्याळ पुढे सरकत होतं आणि दुसरं काही तिच्यापाशी नव्हतं.

“ती बाई मेलेली आहे,” ती हळू म्हणाली.

“साहजिकच. इतकी वर्षं झाली.”

“फोटो काढला तेव्हा. ते डोळे माझ्या वडिलांनी रंगवलेत. आणि हनुवटीखाली पदराचा काठ दिसतो ना, तो जबड्याला बांधलेला कपडा आहे. तुम्ही जे तोंड उघडून दात दाखवताय, ते बांधून ठेवलेलं तोंड आहे. आत्याला हे माहीत नाही. ती यायच्या आत बंद करा. कुणाला काही सांगायची गरज नाही.”

 शेखरने दाराकडे, पडद्याकडे बघितलं, आणि संजनाला वाटलं की माणसाला कळलं. त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी पसरत गेलं. ते शरमेसारखं नव्हतं. दुकानात जुन्या पितळेखाली चांदी निघावी तसं ते काहीतरी होतं.

“मॅडम,” तो कुजबुजला, “हे तुम्ही आधी का नाही सांगितलं?”

“सांगण्यासारखं नव्हतं.”

“अहो, सोनं आहे हे. मुलाने मेलेल्या आईला डोळे दिले. अंगावर काटा आला माझ्या, बघा.” त्याने खरंच बाही सरकवून हात पुढे केला. गुबगुबीत हातावर केस उभे होते. “मी स्टेजवर सांगतो. शेवटी सांगतो, सत्काराच्या वेळी. एक डोळा कोरडा राहणार नाही हॉलमध्ये.”

“तुम्ही काहीही सांगणार नाही.”

“तुमच्या वडिलांचंच नाव होतंय. इतकी वर्षं कुणी ओळखलं का त्यांना? मी ओळख देतोय.”

“आत्याला माहीत नाही म्हटलं ना मी.”

“मग तर अजूनच...” शब्द त्याने गिळला, पण तो काय होता हे दोघांनाही कळलं. “बघतो. काहीतरी करतो. तुम्ही टेन्शन घेऊ नका,” असं म्हणत तो निवेदिकेकडे वळला. “मनाली, इकडं ये जरा. शेवटचा आयटम बदलायचाय.”

संजना बाहेर व्हरांड्यात आली.   तिने अश्विनला फोन लावला.

“ताई, आलोच. द्वारका चौकात अडकलोय.”

“अश्विन, ऐक. आत्याला घेऊन घरी जा. इकडे येऊ नका.”

“आता कसं परत जायचं? तिनं पांढरं पातळ काढलंय ट्रंकेतलं.”

“तुला नंतर सांगते. घरी जा.”

“तुझं हे नेहमीचंच आहे. अण्णांचं कुणी काही चांगलं करायला गेलं की तुला त्यात माती दिसते.”

मागून आक्काबाईचा आवाज आला. फोन गाडीच्या स्पीकरवर होता. “काय म्हणती संजी? का येऊ नको? मी आईला बघाया आलीय. आश्विन म्हनतो, आई हालती म्हने तिथं. डोळं हालवती. मला नाय पटत, पन बघते तर खरी.”

संजनाने फोन ठेवला.

गाडी आली तेव्हा दारात ढोल-ताशावाल्या पोरांनी सुरुवात केली होती. आक्काबाई उतरली. सत्तरीला टेकलेली, सुकलेली, ताठ. पांढरं पातळ, त्यावर निळ्या काठाचा ब्लाउज. पायांत चप्पल नवी असल्यामुळे जपून टाकलेली पावलं. तिने संजनाच्या गालावरून हात फिरवला. “वाळलीस. जेवती का?”

“चला आत्या, आपण मागच्या बाजूने जाऊ.”

“का? म्होरं काय झालं?” म्हणत ती सरळ दारातून आत गेली.

पडद्यासमोर ती उभी राहिली. चिमणाबाईने मान वळवली, पापणी लववली, दात दाखवले. आक्काबाईने ते दोनदा पाहिलं. संजना तिच्या खांद्यामागे उभी होती.

“लय नटलीया,” आक्काबाई म्हणाली. “कुनाची सून ही? सिनेमातली हाय का?”



“आश्विन, अरे आईचा फोटो कुठं लावलाय?” ती मान उंचावून भिंती शोधू लागली.

अश्विनने तोंड उघडलं, तोच संजनाने त्याचा दंड असा दाबला की तो बघतच राहिला. क्षणभर तिला वाटलं, सुटलो. ओळखलंच नाही. गोंदण पुसलं, नथ घातली, त्या घाणीचा एवढा तरी उपयोग झाला. आत्याला फराळाच्या टेबलाशी बसवावं, चहा पाजावा, फोटो लावायचा राहिला म्हणून सांगावं आणि गाडीत घालून घरी न्यावं.

तेवढ्यात माइकवर मनालीचा गोड आवाज आला. “आणि रसिकहो, आजच्या कार्यक्रमाच्या शेवटी उलगडणार आहे आपल्या गृहलक्ष्मीचं एक रहस्य. जे ऐकून तुम्ही थक्क व्हाल. आणि त्यासाठी खास उपस्थित आहेत तिच्या कन्या, श्रीमती आक्काबाई.”

आक्काबाई वळली. तिने पडद्याकडे बोट केलं. “ही? ही आई?”

आता सुटका नव्हती. संजनाने तिचा हात धरला, व्हरांड्यात नेलं आणि पाण्याच्या पिंपाशेजारच्या बाकावर बसवलं. अश्विन मागे मागे आला. आत कुणीतरी दीप लावत होतं. संजनाने ठरवलं, त्याच्या तोंडून कळण्यापेक्षा माझ्या तोंडून कळू दे. ती आत्यासमोर उकिडवी बसली आणि जसं अण्णांनी तिला सांगितलं होतं तसंच, कमी नाही जास्त नाही, तिने सांगून टाकलं. खुर्ची, टेकू, फडकं, ट्रंकेतली काच. अश्विन भिंतीला टेकला आणि हळूहळू खाली बसला.

आक्काबाई ऐकत होती. मध्येच तिने नवी चप्पल काढून बाजूला ठेवली.

“मंग डोळं?” तिने विचारलं. “डोळं कुनाचं?”

“तुमचे.”

 व्हरांड्याच्या पत्र्यावर कबुतरं खरवडत होती.

“तरीच,” ती म्हणाली. “एक दिस भाऊनं मला दारात बसवली. भिंग घेऊन बघतोय, बघतोय. मी म्हनलं, डोळ्यात काय गेलंय का माझ्या? तर म्हनला, गप, हालू नको. मला वाटलं मला चष्मा लागनार, मी लय रडले.” तिच्या ओठाच्या कडेला हसू आल्यासारखं झालं आणि गेलं. “म्हंजी मी आईवर नाय गेले. आईच माझ्यावर आली.”

“अण्णांना तुम्हाला दुखवायचं नव्हतं, आत्या.”

“भाऊचं नाव नको काढू. त्यानं त्याला जमलं ते केलं. घरात केलं, घरात ठिवलं.” मग तिने दाराकडे हनुवटीने खूण केली. “आन् आत ते डोळं मारतीया, ते माझंच डोळं व्हय?”

“हो.”

“आल्या-गेल्या बाप्यांना.”



आक्काबाईने चूळ भरली. पाणी बाहेरच्या कुंडीत थुंकली, पदराने तोंड पुसलं आणि उठली. “मी बंद करा म्हनले तर करतील?”

“मी सांगून बघितलं.”

“मी जाते पुढं. तू माझ्या मागं ये.”

आत भाषणं झाली होती. मान्यवर खुर्च्यांवर रेलले होते. मंचाची शोभा म्हणून दारातला पडदा चाकांवरून ढकलत आता व्यासपीठाच्या कडेला आणून ठेवला होता, आणि चिमणाबाई सगळ्या सभागृहाकडे बघून हसत होती. आक्काबाईचं नाव पुकारलं गेलं. ती अनवाणी वर गेली. कुणीतरी तिच्या हातात नारळ दिला, कुणीतरी तिच्या खांद्यावर शाल घातली. टाळ्या पडल्या. शेखरने माइक हातात घेतला, आवाज खाली आणला.

“मित्रहो, या डोळ्यांकडे नीट बघा. किती जिवंत आहेत ना? पण मी तुम्हाला सांगितलं की हे डोळे...”

आक्काबाईने नारळ त्याच्या माइक धरलेल्या हातावरच ठेवला. तो सावरायला गेला आणि वाक्य तिथेच राहिलं. तिने खांद्यावरची शाल काढली, झटकली, दोन्ही हातांनी पसरली आणि पडद्याकडे गेली. टाचा उंचावून तिने ती शाल चिमणाबाईच्या डोक्यावरून टाकली, चेहऱ्यावरून खाली ओढली आणि दोन्ही कडा घडी बसवल्यासारख्या आत खोचल्या. मयताचं तोंड झाकतात तसं. तिच्या गावातल्या कुठल्याही बाईला तिने काय केलं ते कळलं असतं.

 आणि मग टाळ्या सुरू झाल्या. पुढच्या रांगेतून सुरू झाल्या आणि मागे पसरत गेल्या.

“वा,” शेखर माइकवर म्हणाला. त्याला अवसान चटकन सापडलं. “वा. याला म्हणतात संस्कार. स्वतःला मिळालेली सन्मानाची शाल लेकीने आपल्या आईला पांघरली. उभं राहून टाळ्या होऊ द्या, मित्रहो.”

माणसं उभी राहिली. मोबाइल वर झाले. एका बाईने डोळे टिपले. पीए साहेबांनी उठून शालीला हात जोडले आणि फोटोग्राफर समोर येईपर्यंत ते तसेच जोडून ठेवले. शाल पातळ होती. तिच्या आतून उजेड झिरपत होता आणि त्या उजेडात अजून तेच चाललं होतं, मान वळायची, पापणी लवायची, दात दिसायचे. कापडाखाली काहीतरी वळवळत असल्यासारखं.

  संजना व्यासपीठावर चढली आणि पडद्याच्या मागे जाऊन गुडघ्यांवर बसली. वायरींचा गुंता होता, त्यातली जाडी काळी वायर हाताने धरत धरत ती बोर्डापर्यंत गेली. एक पोरगा, “मॅडम, शॉक लागेल, ते सरांना विचारल्याशिवाय,” म्हणाला. तिने त्याच्याकडे बघितलं नाही. पिन घट्ट होती. दोन्ही हातांनी हलवून तिने ती उपटली.

शालीखालचा उजेड गेला. टाळ्यांत कुणाच्याही ते लक्षात आलं नाही.

आक्काबाई अजून तिथेच उभी होती, एका हाताने शालीची कड धरून. तिच्याभोवती माणसं जमत होती. कुणी तिच्या पाया पडत होतं, कुणी खांद्याला खांदा लावून फोटो घेत होतं.

“झालं का बंद?” तिने मागे न बघता विचारलं.

“झालं.”

“मला दिसत नाय नीट. परत बघ.”

संजनाने शालीची कड किंचित उचलून आत पाहिलं. काळी काच होती आणि तीत तिचाच चेहरा अंधुक दिसत होता.

“बंद आहे, आत्या.”

“मंग मला खाली उतरव. किती हसत्यात ही माणसं,” आक्काबाई म्हणाली. “मातीला आल्यासारखं कुनीच नाय वागत.”

संजनाने तिच्या काखेत हात घातला. माइकवर शेखर पुन्हा बोलू लागला होता, डोळे, मुलगा, पेन्सिल, असं काहीतरी. अश्विन मधल्या वाटेने लोकांना बाजूला सारत येत होता, हातात आत्याची चप्पल घेऊन.